मदत हवी आहे: वाडी बंद केलीय, पोलीस सोडत नाहीत. कायद्याने काय करता येतं?

कुळागर (रवि. सकाळी ७.१०)
लवकर उत्तर द्या, वेळ नाही. काल संध्याकाळपासून आमची वाडी बंद आहे. नाक्यावरचे पोलीस म्हणतात १४४ लागलंय, कोणालाही सोडणार नाही. मागच्या रस्त्याला वरच्या वाडीतल्या पोरांनी बांबू आडवा बांधलाय, ती तर पोलिसांपेक्षा वरचढ. आमची तीन दुभती. सरपंचाचा फोन बंद. घटनेत फिरण्याचा हक्क आहे ना? मग कशाच्या जोरावर अडवतात? 'वकील गाठ' सांगू नका, आज रविवार.

पत्रादेवी_नाका
ई-पास काढ. २०२० ला करोनाच्या टाळेबंदीत आम्ही नाक्यावर उपाशीतापाशी बसलो होतो, शेवटी ऑनलाइन अर्ज केल्यावर सुटलो. तेव्हा तर गोव्यात पहिले काही दिवस किराणाची दुकानंसुद्धा उघडू दिली नव्हती, आठवतंय ना? लोकांनी शेजाऱ्याकडून तांदूळ आणून पेज केली.

काळाकोट
कुळागर, आदेश कोणाच्या सहीचा? जिल्हाधिकारी, उपजिल्हाधिकारी की मामलेदार? लेखी पाहिलात का? बंदी कशामुळे? आणि 'तीन दुभती' म्हणजे काय?
बाकी १४४ आता उरलंच नाही. १ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहिता गेली, तिथे नागरिक सुरक्षा संहिता आली. तो आदेश आता कलम १६३ खाली निघतो. शिपाई अजून १४४ च म्हणणार, त्यात त्याची चूक नाही.

वेर्णा_शिफ्ट
कामावर जाता आलं नाही तर कंपनी पगार कापू शकत नाही. केंद्राने २९ मार्च २०२० ला तसा आदेशच काढला होता. प्रिंट काढून एचआरच्या टेबलावर ठेव.

काळाकोट
तो आदेश १८ मे २०२० पासून मागे घेतला. १२ जून २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने मालक-कामगारांनी आपसात बोलून मिटवा असं सांगितलं. शिवाय पगाराचं इथे विचारलंय कोणी?

वेर्णा_शिफ्ट
माणूस अडकलाय म्हणजे कामावर जायचंच असणार. तुम्ही कोर्टातले लोक पोटाचं कधी बोलत नाही.

कुळागर (८.०५)
अहो मी अडकलेलो नाही, मी बाहेर आहे! आत गायी आहेत. दुभत्या. काल संध्याकाळचं दूध काढलेलं नाही, आज सकाळचंही नाही. डिचोली तालुका, वाडीचं नाव घालत नाही. बर्फाच्या कारखान्यातून अमोनिया गळला, माणसांना शाळेत नेऊन ठेवलंय. गोठ्याचं दार बाहेरून बंद आहे, दावीसुद्धा सोडायला मिळाली नाहीत. कागद वगैरे कोणी दाखवला नाही. कुळागरातून (पोफळीच्या बागेतून) पाऊलवाट आहे, पोलिसांना ठाऊक नाही. जाऊ का?

वास्कोकार
हे आधी सांगायचं रे बाबा! आम्ही करोना समजून बसलो.
पाऊलवाटेने अजिबात जाऊ नकोस. जानेवारी २०१८ ला चिखलीला अमोनियाचा टँकर उलटला, तेव्हा भल्या पहाटे लोकांना घरं सोडावी लागली. मी तेव्हा जवळच होतो. वास आला म्हणेपर्यंत डोळे उघडवत नाहीत, घसा आवळतो. हा वायू तसा हवेपेक्षा हलका, पण टाकीतून दाबाखाली सुटतो तेव्हा बर्फासारखा थंड असतो आणि धुक्यागत जमिनीलगत सरपटतो. कुळागर म्हणजे खोलगट जागा, झरीचा ओलावा, वर पोफळींची सावली. तिथे तो बसून राहणार. ओलं फडकं नाकाला बांधून जाण्याची शूरगिरी नको.

पर्रेकाराचो_शेजारी
आमदाराला फोन लाव. गोव्यात बाकी सगळं नंतर.

काळाकोट (८.४०)
आता मुद्द्यावर. दोन अडथळे आहेत, दोन्ही सारखे नाहीत.
पोलिसांच्या बॅरिकेडमागे आदेश असेल तर तो पाळावाच लागतो. आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ च्या कलम ३४ खाली जिल्हा प्राधिकरण बाधित भागात शिरणं, आत फिरणं, बाहेर पडणं यावर निर्बंध घालू शकतं. त्याच कलमात निवारा, अन्न, पाणी पुरवण्याचे अधिकारही आहेत, तेव्हा शाळेत जेवण नसेल तर खुशाल मागा, कोणी उपकार करत नाही. विनाकारण आदेश मोडला तर कलम ५१ खाली एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. त्यामुळे जीव गेला किंवा धोक्यात आला तर दोन वर्षांपर्यंत. १६३ चा आदेश मोडला तर न्याय संहितेचं कलम २२३.
घटनेतला फिरण्याचा हक्क कलम १९ चा. जनहितासाठी त्यावर वाजवी बंधनं घालता येतात, हेही त्याच कलमात लिहिलंय. वायू गळताना ते बंधन अवाजवी म्हणणारा न्यायाधीश मिळणार नाही.
मात्र १६३ च्या आदेशाविरुद्ध झळ बसलेला माणूस अर्ज करू शकतो. आदेश रद्द करा किंवा बदला, एवढंच मागायचं. दंडाधिकाऱ्याने लवकर म्हणणं ऐकायला हवं, आणि फेटाळायचं तर कारणं लिहून द्यावी लागतात. बंदी उठवा म्हणू नका. 'गोठ्यापुरतं, अग्निशामक दलाबरोबर, अर्धा तास' एवढंच मागा. साध्या कागदावर चालतं, वकील लागत नाही.
पोरांच्या बांबूला मात्र काडीचा आधार नाही. कलेक्टरच्या कागदात त्यांचं नाव नसेल तर ११२ लावा. स्वतः सोडायला जाऊ नका, भांडण होईल.

फोंड्याचा_पोदेर
त्या पोरांना दोष देऊ नका. २०२० ला गावागावांत असेच रस्ते अडवले म्हणून कित्येक गाव वाचले.

काळाकोट
आणि ॲम्ब्युलन्स कुठून न्यायची? अडकलेला पेशंट तुमच्या घरचा नव्हता.

फोंड्याचा_पोदेर
होता.

बागा_निवृत्त
पर्यटकांना कोणी अडवत नाही, ते बिनहेल्मेट रेंटबाइकवर कुठेही घुसतात. नियम फक्त आपल्याला.

वाळपईची_दोतोर
मी गुरांची डॉक्टर. वकिलीत मला पडायचं नाही. दोन वेळा दूध तुंबलं की कास दगडासारखी होते, कासदाह व्हायला वेळ लागत नाही. पशुसंवर्धन खात्याच्या जवळच्या दवाखान्याला उठवा, रविवार असो नसो. खात्याचा माणूस आणि अग्निशामक दल एकत्र गेले तर परवानगीचा प्रश्न निम्मा सुटतो, कारण आत तुम्ही जात नाही, सरकार जातं. वायू दाबायला दल पाण्याचे फवारे मारतं. ते पाणी ओहोळात किंवा डोणीत उतरलं असेल तर गुरांना पाजू नका, त्यात अमोनिया विरघळलेला असतो. डोळ्यांतून पाणी, तोंडाला फेस, धाप, असं काही दिसलं तर दूध नंतर, आधी उघड्यावर आणा.

पर्रेकाराचो_शेजारी
आमदाराला केला का फोन?

कुळागर (दुपारी २.३०)
केला. पीए म्हणाला बघतो.
अर्ज मामलेदाराच्या ड्युटीवरच्या माणसाकडे दिला, पोच घेतली. आदेश आहे, १६३ चाच, जिल्हाधिकाऱ्यांच्या सहीचा. शाळेच्या फळ्याशेजारी चिकटवला होता, तो पंचायतीच्या लसीकरणाच्या पोस्टरखाली गेला होता. 'अत्यावश्यक कारणासाठी सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीने' असं शेवटच्या ओळीत आहे. नाक्यावरच्या शिपायाने तो वाचलाच नव्हता. गुरांचा डॉक्टर आणि दलाचे दोघे जाऊन आले, मला वेशीपर्यंतच नेलं. दोन गायी ठीक. तिसरीची मागची एक आचळ तापलीय, पहिल्या धारा गुठळ्यांच्या आल्या. दूध ओतून टाकलं. डॉक्टर उद्या परत येणार. बांबू पोलिसांनी काढला.
आता गावच्या व्हॉट्सॲपवर 'दुसरी टाकी फुटणार' असं फिरतंय, शाळेतल्या बाया रडतायत. आणि दूध, औषध, चार दिवस दूध संस्थेत दूध घेणार नाहीत, याचे पैसे कोण देणार?

काळाकोट
तो मेसेज पुढे पाठवणाऱ्याला सांगा, आपत्तीचा खोटा इशारा पसरवून घबराट उडवली तर आपत्ती व्यवस्थापन कायद्याच्या कलम ५४ खाली एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड आहे. खरं-खोटं अग्निशामक दलाकडून किंवा कारखाने व बाष्पक निरीक्षणालयाकडून विचारा.
भरपाईसाठी सार्वजनिक दायित्व विमा कायदा १९९१. घातक पदार्थाच्या अपघातात कारखान्याची चूक सिद्ध न करताही मदत मागता येते, अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडेच, मुदत पाच वर्षं. मालमत्तेचं नुकसान त्यात धरतात.

वेर्णा_शिफ्ट
ओतलेलं दूध मालमत्ता कशी? माझ्या मते गाय मेली तरच मिळेल.

काळाकोट
मेलीच पाहिजे असं कुठे लिहिलंय? आजारी गाय हीसुद्धा नुकसान झालेली मालमत्ताच. दुधाचं भांडावं लागेल, कबूल. म्हणून पुरावा जमवा: संस्थेच्या पुस्तकातल्या मागच्या महिन्याच्या नोंदी, डॉक्टरची चिठ्ठी, औषधाची बिलं, आदेशाचा फोटो तारखेसकट. विमा अर्ज जमला नाही तरी दिवाणी दावा राहतोच. १९८५ च्या दिल्लीतल्या ओलियम गळतीनंतर सर्वोच्च न्यायालयाने घातक धंदा करणाऱ्याची जबाबदारी पूर्ण आहे, काळजी घेतली होती म्हणून सुटका नाही, असं ठरवून ठेवलंय.

बागा_निवृत्त
पंधरा वर्षं लागतील.

कुळागर
लागू देत. डॉक्टरची चिठ्ठी मराठीत चालेल की इंग्रजीतच लागते?

काळाकोट
चालेल. शिक्का आणि गाईच्या कानातल्या टॅगचा नंबर मात्र घालून घ्या.