शब्दचर्चा: ‘रोगजनुक’ म्हणावं का?

प्रश्न: क्रोन आणि अल्सरेटिव्ह कोलायटिस या आजारांवर मराठीत लिहितोय. दोन्हींना मिळून ‘दाहक आतडेविकार’ चालेल? आणि प्रतिकारशक्तीच्या ज्या जनुकांमुळे ते होतात त्यांना ‘रोगजनुकं’ म्हणू का?

— ‘रोगजनुक’ नको. २००१ साली क्रोनशी ज्याचं नाव पहिल्यांदा जोडलं गेलं ते नॉड-२ हे जनुक १६व्या गुणसूत्रावर तुमच्याआमच्या सगळ्यांकडे असतं. जीवाणूच्या भिंतीचा तुकडा ओळखून पेशीला खबर देणं हे त्याचं काम. गडबड असते ती त्याच्या काही प्रकारांत, म्हणून ‘जनुकभेद’. युरोपीय वंशाच्या लोकांत असा भेद एका पालकाकडून आला तर जोखीम साधारण २ ते ४ पट होते. दोघांकडून आला तर कितीतरी जास्त, आणि तरीही अशा बहुतेकांना क्रोन होत नाही. मग ‘मुळे होतो’ कसं लिहिणार?

— ‘प्रवणता’ वापरा की. अवर्षणप्रवण तालुक्यात दरवर्षी दुष्काळ पडतोच असं नाही, हे आपल्या वाचकाला समजावून सांगावं लागत नाही. आकडा द्यायचा असेल तिथे ‘जोखीम’. ‘धोका’ बातमीवाल्यांना लखलाभ!

— पण सगळे भेद जोखीम वाढवणारे नसतात. इंटरल्युकिन-२३ या प्रतिकारपेशींच्या निरोप्या रेणूचा निरोप झेलणाऱ्या ग्राहीच्या (रिसेप्टरच्या) जनुकातला एक विरळ भेद उलट क्रोनपासून बचाव करतो, हे २००६ मध्ये कळलं. त्याला ‘संरक्षक भेद’ म्हणता येईल.

— ‘दाह’ म्हटलं की लोकांना पित्ताची जळजळ आठवते. ‘शोथ’ नेमका आहे, पण ‘आंत्रशोथ’ म्हणजे गॅस्ट्रो असा समज होईल. ‘संग्रहणी’ तर नकोच, तिचा अर्थ आयुर्वेदात ठरलेला आहे. दवाखान्यात या दोन्हींना मिळून सगळे ‘आयबीडी’च (इन्फ्लमेटरी बॉवेल डिसीज) म्हणतात, एकदा ‘आतड्यांचा दीर्घकालीन दाह’ असं उलगडून पुढे तेच ठेवा. फक्त आयबीएसशी (इरिटेबल बॉवेल सिंड्रोम) गल्लत नको, तो वेगळा विकार.

— ‘प्रतिकारशक्ती’लाही माझी हरकत आहे. शक्ती म्हटली की कमी-जास्त आलं, आणि वाचक काढा उकळायला घेतो. इथे तर यंत्रणा आतड्यातल्या नेहमीच्या जीवाणूंवरही भडकलेली असते आणि औषधं बहुधा तिला आवरण्यासाठी देतात. ‘प्रतिकारयंत्रणा’ लिहा.

— नॉड-२ च्या त्या पटींबद्दल एक. त्यातले नेहमीचे तीन भेद भारतीय रुग्णांत जवळजवळ आढळतच नाहीत, जपान-चीनमध्येही तेच. ‘युरोपीय वंशाच्या लोकांत’ हे शब्द गाळले तर मराठी वाचक तो आकडा स्वतःला लावून घेईल.

प्रश्नकर्ता: मग असं लिहू? ‘प्रतिकारयंत्रणेशी संबंधित जनुकभेदांनी आयबीडीची प्रवणता ठरते.’

— ‘ठरते’ नको, ‘बदलते’. आणि ‘जनुकभेदांनी’च्या आधी ‘काही’ घाला. जनुकसंचात आयबीडीशी जोडलेल्या २०० हून जास्त जागा सापडल्या आहेत, त्यातल्या बहुतेकींचा वाटा अगदी किरकोळ. एकसारख्या जुळ्यांतही एकाला क्रोन असून दुसरा ठणठणीत, असं पुष्कळदा दिसतं.