बीडहून एका दिवसात जाऊन येता येईल अशा ठिकाणी वन्यजीव खरोखर दिसतात का?

बिंदुसरा_काठ
नमस्कार. आम्ही बीड शहरात राहतो. गेल्या उन्हाळ्यात विदर्भातील एका व्याघ्रप्रकल्पात दोन सफारी केल्या. राहणे, जिप्सी आणि प्रवास मिळून जो खर्च झाला, तो येथे लिहिण्याची हिंमत होत नाही. वाघ तर दिसला नाहीच, पण पुढच्या जिप्सीने उडवलेली धूळ मात्र पोटभर खाल्ली. माझ्या नऊ वर्षांच्या लेकीने परतीच्या वाटेवर विचारले, "बाबा, आपल्या बीडकडे काहीच प्राणी नाहीत का?" या प्रश्नाचे उत्तर मला नीट देता आले नाही, म्हणून हा धागा.

पहाटे निघून रात्री घरी परतता येईल, अशा अंतरावरील ठिकाणे सुचवावीत. सोबत माझे वडील असतील. त्यांचे वय ७२ असून दोन्ही गुडघे दुखतात, त्यामुळे पायऱ्या आणि चढ-उतार शक्यतो टाळायचे आहेत. पाटोदा तालुक्यातील नायगावच्या मयूर अभयारण्यात आम्ही दोनदा जाऊन आलो आहोत. तेथे मोर दिसले, परंतु मोर आमच्या शेतातही येतात, त्यामुळे लेकीला त्याचे फारसे अप्रूप वाटले नाही. धाराशिव जिल्ह्यातील येडशीला वाघ आल्याच्या बातम्या वाचल्या होत्या. तेथे जाणे सुरक्षित आहे का आणि गेल्यास काय दिसते, हेही जाणकारांनी सांगावे. डिसेंबर-जानेवारीत जाण्याचा विचार आहे.

रामलिंग_वाटसरू
येडशीपुरते मी सांगू शकतो, कारण माझे आजोळ त्याच परिसरात आहे.

बीडहून मांजरसुंबा, चौसाळा, तेरखेडा या मार्गाने धुळे-सोलापूर महामार्गावरून आपण दोन तासांच्या आत येडशीला पोहोचाल. वाटेत सरमकुंडी फाट्यावर पेढ्यासाठी थांबणे हा आमच्याकडचा अलिखित नियम आहे आणि तो आपणही पाळावा. रामलिंग घाट अभयारण्य १९९७ साली घोषित झाले. ते अवघे बावीस चौरस किलोमीटरचे असल्याने मोठ्या जंगलाची कल्पना मनात ठेवून येऊ नये. रामलिंगाचे मंदिर दरीत आहे. तेथे उतरायला पायऱ्या आहेत, तेव्हा आपल्या वडिलांच्या गुडघ्यांचा विचार आधी करावा. रावणाशी झुंजताना जखमी झालेल्या जटायूने येथेच प्राण सोडला, अशी श्रद्धा असून मंदिराच्या आवारात त्याची समाधी दाखवतात. पावसाळ्यात तेथे धबधबा असतो. डिसेंबरात मात्र माकडेच काय ती हमखास भेटतात, आणि हातातील प्रसादाची पिशवी ती आपल्या आधी उघडतात.

आता वाघाविषयी. डिसेंबर २०२४ मध्ये येथील कॅमेऱ्यात वाघ टिपला गेला, हे खरे आहे. तो यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वर अभयारण्यातून शेकडो किलोमीटर चालत आला होता. शेते, कालवे, महामार्ग आणि रेल्वेमार्ग ओलांडत तो येथवर आला आणि त्यानंतर शेजारच्या बार्शी तालुक्यातही फिरला. आमच्या भागातील लोकांनी कित्येक दिवस सायंकाळनंतर शेतात जाणे सोडले होते आणि रात्रीच्या विजेवर पिकाला पाणी देणाऱ्यांची मोठी अडचण झाली होती. ज्यांच्या दावणीची जनावरे गेली, त्यांच्यासाठी तो वाघ म्हणजे पर्यटनाचा विषय नव्हता. आपण येडशीला अवश्य यावे, परंतु लेकीला वाघाचे आश्वासन देऊन आणू नये. दिवसाढवळ्या, मंदिराच्या वाटेने आणि माणसांच्या सोबतीने फिरायला काहीच हरकत नाही.

भूमचा_शेतकरी
आपण ठिकाण विचारता, मी वेळ सांगतो. वर उल्लेख झालेल्या महामार्गावरून भूम-वाशीच्या माळावर उजाडण्याच्या सुमारास पोहोचल्यास काळविटांसाठी कोठल्याही अभयारण्यात शिरावे लागत नाही. ज्वारी-हरभऱ्याचे रान आणि मोकळा माळ जेथे एकमेकांना भिडतात, तेथे ती सकाळी उन्हाला उभी असतात. नर काळा असतो आणि त्याची शिंगे पिळदार असतात. माद्या व पिल्ले तांबूस रंगाची असतात. गाडी थांबवावी, पण दार उघडू नये. गाडीत बसलेल्या माणसाकडे ती दुर्लक्ष करतात, मात्र तोच माणूस खाली उतरला की कळपातील एक मान वर होते आणि मग सगळा कळप उड्या घेत निघून जातो. ऊन चढल्यावर, म्हणजे साधारण साडेनऊनंतर, आपल्याला नुसता माळ दिसेल.

यासोबत हुरड्याचा बेत केल्यास दिवस सत्कारणी लागतो. जानेवारीत गुळभेंडीची कणसे दुधात आली की आगटी पेटतेच. आपल्या वडिलांना खाटेवर बसवून गरम हुरडा आणि शेंगदाण्याची चटणी द्यावी, ते गुडघ्यांची तक्रार करणार नाहीत. एक विनंती मात्र शेतकरी म्हणून करतो. रोह्यांचा, म्हणजे नीलगाईंचा, कळप पाहून "किती सुंदर" असे म्हणताना ज्याच्या हरभऱ्यात तो कळप उभा आहे, तो माणूस रात्रभर बॅटरी घेऊन जागलीला बसलेला असतो, हे ध्यानात असू द्यावे.

गौताळा_परिसर
मी छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील कन्नड गावचा आहे, त्यामुळे गौताळा-औट्रम घाट अभयारण्याची शिफारस करण्याचा मोह होतो, परंतु आपल्या परिस्थितीत मी ती करणार नाही. बीडहून एका दिवसात जाऊन येण्याइतके ते जवळ नाही. शिवाय पितळखोऱ्याच्या लेण्यांकडे उतरणाऱ्या पायऱ्या गुडघ्यांची परीक्षा पाहणाऱ्या आहेत. मुक्कामाच्या तयारीने आलात तर गोष्ट वेगळी. सुमारे अडीचशे चौरस किलोमीटरच्या या डोंगराळ जंगलात २०२१ साली वाघाची नोंद झाली, आणि गंमत अशी की तोही टिपेश्वरचाच होता. दोन हजार वर्षांहून जुन्या त्या लेण्यांत पैठणच्या एका गांधिकाने, म्हणजे सुगंधी द्रव्यांच्या व्यापाऱ्याने, दिलेल्या दानाचा लेख खांबावर कोरलेला आहे.

सुगंधावरून आठवले म्हणून एक इशारा देतो. काही वर्षांपूर्वी आम्ही सहा मित्र या डोंगरात गेलो असताना आमच्यातीलच एकाने कड्याच्या पायथ्याशी तीन दगडांची चूल मांडून चहा ठेवला. धूर सरळ वर गेला आणि कड्याला लागलेले आग्या मोहोळ उठले. पळताना हात झाडू नयेत, हे आम्हाला ऐकून ठाऊक होते, पण त्या क्षणी ते कोणालाच आठवले नाही. शेवटी मी सतरंजी अंगावर ओढून पालथा पडलो आणि जवळजवळ पाऊण तास तसाच पडून होतो. सतरंजीवर माश्या आदळत होत्या, तो आवाज गारा पडल्यासारखा होता. माझ्या मानेतून आणि कानामागून सतरा काटे निघाले. असे काटे चिमटीने, नखाने किंवा कार्डाच्या कडेने, जसे जमेल तसे, पण लगेच काढावेत, कारण जितका उशीर होईल तितके जास्त विष अंगात जाते. ज्याने चूल मांडली, त्याला रात्र रुग्णालयात काढावी लागली. त्यामुळे गौताळा, अजिंठा अथवा कोणताही कडेकपारीचा भाग असो, तेथे धूर करू नये, अत्तर लावून जाऊ नये आणि मोहोळाच्या दिशेने मुलांना दगड भिरकावू देऊ नये.

नाथसागर_निरीक्षक
वरील सर्वांच्या सूचना योग्य आहेत, परंतु एक दिवस, लहान मूल, दुखरे गुडघे आणि "काहीतरी खरोखर दिसले पाहिजे" या चारही अटी एकाच ठिकाणी पूर्ण व्हायच्या असतील, तर आपण पैठणला यावे.

जायकवाडी प्रकल्पाचे लोकार्पण १९७६ साली इंदिरा गांधी यांच्या हस्ते झाले आणि १९८६ साली नाथसागर जलाशयाला पक्षी अभयारण्याचा दर्जा मिळाला. धरण म्हटले की दोन डोंगरांमधील खोल पाणी डोळ्यांसमोर येते, पण नाथसागर तसा नाही. गोदावरीच्या सपाट खोऱ्यात तो परातीसारखा पसरला आहे, आणि पूर्ण भरल्यावर त्याचे पाणी सुमारे साडेतीनशे चौरस किलोमीटरवर पसरते. परातीतील पाणी बोटभर उतरले तरी काठ बराच उघडा पडतो. तसेच येथे पातळी थोडी खाली आली की शेकडो एकर चिखल मोकळा होतो. त्या चिखलातील किडे, शिंपले आणि पाणवनस्पती यांसाठी पक्षी येतात. माणसेही त्याच जमिनीत गाळपेर करून हरभरा-गहू घेतात, आणि त्या कोवळ्या पिकासाठी आणखी काही पक्षी येतात. म्हणूनच, धरण काठोकाठ भरल्याची बातमी वाचून नोव्हेंबरात येणारे लोक नुसते पाणी पाहून परत जातात. आपण डिसेंबरऐवजी जानेवारीच्या अखेरीस किंवा फेब्रुवारीत यावे. मार्चमध्येही पक्षी असतात, मात्र नाथषष्ठीचे दिवस टाळावेत, कारण तेव्हा पैठणमध्ये पाय ठेवायला जागा नसते.

बीडहून गेवराई-शहागड मार्गाने दोन-अडीच तास धरावेत आणि सूर्योदयापूर्वी पोहोचावे. धरणाची भिंत जलाशयाच्या पूर्वेला आहे. पैठणच्या बाजूने पश्चिमेकडे पाहिल्यास सकाळचे ऊन आपल्या पाठीवर आणि पक्ष्यांच्या अंगावर पडते, त्यामुळे रंग स्पष्ट दिसतात. दुपारनंतर त्याच जागेवरून सगळे पक्षी काळे दिसतील. थेट पाण्याकडे चालत जाऊ नये. वरून वाळलेला दिसणारा गाळ आतून ओला असतो आणि माणूस गुडघ्यापर्यंत रुततो, हे मी स्वानुभवाने सांगतो. माझी एक चप्पल अजून नाथसागरातच आहे. वडिलांसाठी घडीची खुर्ची न्यावी, काठावरच्या गाडीवाटेला एका जागी बसावे आणि पक्ष्यांना आपल्याकडे येऊ द्यावे. जाण्यापूर्वी पैठण येथील वन्यजीव कार्यालयात चौकशी केल्यास त्या आठवड्यात पक्षी कोणत्या बाजूला आहेत, तेही समजते.

लेकीसाठी तीन पक्षी सांगून ठेवतो. पहिला पट्टकादंब. हा तिबेट-मंगोलियाकडून हिमालय ओलांडून येणारा राखाडी हंस असून त्याच्या पांढऱ्या डोक्यावर मागच्या बाजूने दोन काळे पट्टे असतात. हे थवे रात्री शेतात चरतात आणि उजाडताना पाण्यावर परततात, त्यामुळे ते दिसण्याआधी ऐकू येतात. दुसरा वारकरी. अंगाने काळाभोर आणि कपाळावर पांढरा टिळा असलेले हे पक्षी शेकड्यांनी एकाच दिशेला पोहत निघतात. नाथांच्या गावी या नावाचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही. तिसरा रोहित, ज्याला आपण फ्लेमिंगो म्हणतो. तो उथळ पाण्यात चोच उलटी धरून पाणी गाळतो. याची हमी मात्र मी देत नाही.

बिंदुसरा_काठ
सर्वांचे मनःपूर्वक आभार. जानेवारीच्या शेवटच्या रविवारी आम्ही पैठणला जाऊन आलो, त्याचा वृत्तांत देणे माझे कर्तव्य आहे.

पहाटे साडेतीनला निघालो. शहागडचा पूल ओलांडताना इतके धुके होते की गोदावरी दिसलीच नाही. काठावर पोहोचलो तेव्हाही वीस पावलांपलीकडचे दिसत नव्हते. वडील शालीतून म्हणाले, "विदर्भात धूळ पाहिली, इथे धुके पाहा." साधारण साडेसातच्या सुमारास डोक्यावरून बैलगाडीच्या कोरड्या चाकासारखा करकर आवाज आला आणि पुढे गेला. मग दुसरा आला. कोण ओरडते आहे ते दिसत नव्हते, पण लेक खुर्चीवर उभी राहून धुक्याकडे टक लावून पाहत होती. आठनंतर धुके फाटले, तेव्हा समोरच्या गाळावर पट्टकादंब एका पायावर उभे होते. दुर्बिणीतून डोक्यावरचे दोन्ही पट्टे तिने स्वतः ओळखले आणि ते मी सांगण्याआधी मला सांगितले. वारकरी मोजायला तिने वही आणली होती. एकशे चाळीसपर्यंत मोजल्यावर दिंडीने बुडी मारली, कोण मोजले नि कोण राहिले याचा मेळ लागेना, आणि वही बंद झाली. रोहित दिसले, पण फार दूर, पाण्यावर गुलाबी खडूने रेघ ओढावी तसे.

एक गोष्ट अनपेक्षित घडली. माझ्या वडिलांच्या आत्याचे गाव याच जलाशयात बुडाले, हे मला ऐकून माहीत होते, परंतु त्यांनी कधी त्याविषयी बोलल्याचे स्मरत नाही. काठावर गाळपेर करणारे एक वयस्कर गृहस्थ भेटले. दोघांचे बोलणे त्या गावावर आले आणि त्यांनी पाण्यातील एका दिशेला हात करून सांगितले की, पाणी फार उतरले की तेथे देवळाचा चौथरा दिसतो. त्यानंतर वडिलांनी दुर्बीण मागून घेतली आणि परत दिली नाही, त्यामुळे पक्षी पाहण्यासाठी नातीला आजोबांची मनधरणी करावी लागली. पाणी उतरल्यावर मार्चमध्ये पुन्हा यायचे, असे त्यांनीच गाडीत जाहीर केले. नाथषष्ठीनंतरचा रविवार मी आत्ताच कॅलेंडरवर खूण करून ठेवला आहे.

जाता जाता लेकीचा प्रश्न: लांब काड्यांसारखे गुलाबी-लाल पाय, काळे पंख, पांढरे पोट आणि सुईसारखी सरळ चोच असलेला पक्षी कोणता? तो चिखलात जपून पाऊल टाकत होता.

नाथसागर_निरीक्षक
शेकाट्या. त्याचे पाय लांब आहेत, म्हणून त्याची चप्पल हरवत नाही. मार्चमध्ये याल तेव्हा घडीच्या खुर्च्या दोन आणाव्यात आणि शक्य असल्यास दुर्बिणीही दोन.