नकाशा बदलला म्हणजे व्हॅलडेओ गेलाच?

'प्रपोझिशन ५० पास झालं, आता डेव्हिड व्हॅलडेओ घरी बसणार' असं कुणीतरी लिहिलेलं वाचलं. (प्रपोझिशन ५० म्हणजे कॅलिफोर्नियातल्या काँग्रेस मतदारसंघांचा नकाशा डेमोक्रॅटांच्या सोयीने बदलणारं सार्वमत; व्हॅलडेओ तिथला रिपब्लिकन खासदार.) मला एवढी खात्री वाटत नाही.

हा गडी कॅलिफोर्नियाच्या सेंट्रल व्हॅलीतला, हॅनफर्डचा, घरचा दुधाचा धंदा. २०१८ मध्ये मतमोजणीच्या रात्री वृत्तसंस्थांनी त्याला विजयी घोषित करून टाकलं होतं, आणि मग टपाली मतं मोजता मोजता तो ८६२ मतांनी पडला! २०२० मध्ये त्यानेच ती जागा परत घेतली. पुढे ट्रम्पविरोधी महाभियोगाला मत दिलं. असं मत देणारे दहा रिपब्लिकन होते, त्यातले २०२२ मध्ये पुन्हा निवडून आले फक्त दोघे. तेव्हाही मतदारसंघाची फेररचना झालेली होती, आणि नवा २२वा मतदारसंघ २०२० च्या मतांनुसार बायडेन यांच्या बाजूचा होता.

नोव्हेंबर २०२५ च्या सार्वमतानंतरच्या नव्या नकाशातही त्याच्या वाट्याला डेमोक्रॅट मतं थोडीच वाढली आहेत. राज्यातल्या इतर काही रिपब्लिकनांचे मतदारसंघ मात्र पार विस्कटले, त्यामानाने याचं बरं चाललंय.

खरी गोम मेडिकेडची, म्हणजे कमी उत्पन्नवाल्यांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्याची. त्याच्या मतदारसंघातले जवळपास दोन तृतीयांश लोक त्या योजनेवर आहेत, आणि जुलै २०२५ मध्ये यानं तिच्यात कपात करणाऱ्या विधेयकाला मत दिलं. एरवी तिथले लॅटिनो (लॅटिन अमेरिकी वंशाचे) मतदार मध्यावधीला, म्हणजे अध्यक्षपदाची निवडणूक नसलेल्या वर्षी, मतदानाला कमीच बाहेर पडतात, तेच त्याच्या पथ्यावर पडतं. दवाखान्याच्या बिलाच्या रागाने ते नोव्हेंबर २०२६ च्या मध्यावधीला बाहेर पडले, तर मात्र अवघड आहे.