‘शाखेचाच नंबर होता हो!’ : आपले अनुभव लिहा

मागच्या महिन्यात आमच्या सुदामानगरच्या घरी आईला फोन आला. पासबुकावर छापलेला शाखेचाच नंबर. ‘माताजी, केवायसी अधूरी है.’ आई ओटीपी वाचायला चष्मा शोधत होती, तेवढ्यात दूधवाला आला आणि तिने फोन ठेवला. संध्याकाळी मी त्याच नंबरवर फोन लावला, तर शाखेतल्या बाई म्हणाल्या, आमच्याकडून कुणीच केला नाही.

इंटरनेटवरून लावलेल्या कॉलमध्ये ‘कुणाकडून’ ही जागा लावणाराच भरू शकतो. मधल्या कंपनीने तपासलं नाही, तर आपल्याला तोच आकडा दिसतो. पाकिटावर पाठवणाऱ्याचा पत्ता कुणीही काहीही लिहावा, तसं. आपण फोन ठेवून स्वतः नंबर लावला, तर मात्र तो खऱ्या ठिकाणीच लागतो. आईच्या बाबतीत तेवढ्यानेच खरंखोटं झालं.

तुमच्या घरी काय झालं? पैसे गेले असतील तरी लिहा, लाजू नका.

तिलकनगर, निवृत्त शिक्षक
माझ्या नावाच्या पार्सलात अमली पदार्थ सापडले म्हणे. मग व्हिडिओ कॉलवर वर्दीतला माणूस. खोलीचं दार लावायला लावलं, घरच्यांशी बोलायचं नाही. तीन तास! बायको चहा घेऊन दाराशी उभी, आणि मी आतून तिच्यावर ओरडतोय, ‘येऊ नकोस!’ बेचाळीस वर्षांत मी तिच्यावर असा ओरडलो नव्हतो. तिने तेवढ्यावरून ओळखलं आणि सरळ वायफायचा प्लग उपटला. एफडी मोडायचीच बाकी होती. व्हिडिओ कॉलवरची अशी अटक, म्हणजे ‘डिजिटल अरेस्ट’, असं कायद्यात काही नाही, हे पंतप्रधानांनी ऑक्टोबर २०२४ च्या ‘मन की बात’मध्ये सांगितलं होतं. मी ते ऐकलंही होतं. भीती बसली की ऐकलेलं आठवत नाही.

विजयनगर, विद्यार्थिनी
माझं उलटंच. अनोळखी लोक मला फोन करून शिव्या द्यायचे, ‘लोन के लिए क्यों परेशान करती हो?’ माझा नंबर कुणीतरी पुढे करून त्यांना छळत होतं. आठवडाभर मी एकेकाला समजावत होते. एका आजोबांनी सगळं ऐकून घेतलं आणि ‘बेटा, माफ करना’ म्हणाले, तेव्हा मला रडू आलं. दूरसंचार विभागाच्या ‘संचार साथी’ पोर्टलवर संशयास्पद कॉल कळवायची ‘चक्षू’ ही सोय आहे, तिथे मी तक्रार केली.

रामबाग
बँकांनी व्यवहाराचे कॉल १६०० ने सुरू होणाऱ्या नंबरवरूनच करावेत, असं रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२५ मध्ये सांगितलं आहे. चांगलं आहे, पण मी त्यावरही ओटीपी सांगणार नाही.

लोकमान्यनगर
आमच्या आत्याचे पैसे गेले. मुलगा रागावेल म्हणून तिने चार दिवस कुणाला सांगितलं नाही. पाचव्या दिवशी आम्ही १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावला, तोवर रक्कम कितीतरी खात्यांतून पुढे गेलेली. लगेच कळवलं असतं तर काही तरी थांबवता आलं असतं. मी तिला एकदाही रागावलो नाही. तरी फोन वाजला की ती अजून माझ्याकडे बघते.