नॅशनल पार्कात कायदा नेमका कोणाचा? तुमचे अनुभव लिहा

वाटसरू
अमेरिकेतल्या यलोस्टोन नॅशनल पार्कला जाऊन आलेल्यांनी हे कधी ना कधी ऐकलेलं असतंच की पार्काच्या आयडाहो राज्यातल्या पट्ट्यात खून केला तरी खटला उभा राहू शकत नाही म्हणे. परवाच्या गटगला (गेट-टुगेदरला) हाच विषय निघाला आणि तासभर नुसता कल्ला.

तर भानगड अशी आहे. यलोस्टोन पार्क झालं १८७२ साली, तेव्हा वायोमिंग, मोंटाना, आयडाहो ही राज्यंच नव्हती. पुढे राज्यं झाली तेव्हा पार्काचा बहुतेक भाग वायोमिंगात आला आणि थोड्या पट्ट्या बाकी दोघांकडे गेल्या, पण फेडरल (केंद्र सरकारच्या) कोर्टापुरतं सगळंच्या सगळं पार्क वायोमिंग डिस्ट्रिक्टला, म्हणजे तिथल्या फेडरल कोर्टाच्या हद्दीला, जोडून टाकलं. आता घटनेची सहावी दुरुस्ती म्हणते की ज्युरी (निकाल देणारे सामान्य नागरिक) गुन्हा घडला त्या राज्यातली आणि त्याच डिस्ट्रिक्टमधली हवी. राज्य आयडाहो आणि डिस्ट्रिक्ट वायोमिंग अशी जागा म्हणजे फक्त तो ५०-एक चौरस मैलांचा पट्टा, आणि तिथे राहतं कोण तर अस्वलं. ज्युरी आणणार कुठून? ब्रायन काल्ट नावाच्या मिशिगन स्टेटच्या लॉ प्रोफेसरांनी २००५ साली यावर लेख लिहिला तेव्हापासून हे गाजतंय आणि काँग्रेसनं (अमेरिकेच्या संसदेनं) अजून काही केलेलं नाही.

खुनाचं सोडा, ते आपलं काम नाही. पण पार्कात, फेडरल रस्त्यावर, ट्रायबल (मूळ रहिवासी जमातींच्या) जमिनीवर 'अरे इथे नियम वेगळाच आहे की' असं तुम्हाला कुठे झालंय ते लिहा.

कोथरूड ते फेअरफॅक्स
आमचं प्रकरण पार्कात नाही, रोजच्या रस्त्यावरचं. वॉशिंग्टन डीसीला लागून जॉर्ज वॉशिंग्टन मेमोरियल पार्कवे आहे ना, तो नॅशनल पार्क सर्व्हिसचा आहे हे इथे वर्षानुवर्षं राहणाऱ्यांनाही माहीत नसतं. ह्यांना तिथे स्पीडिंगसाठी थांबवलं ते यूएस पार्क पोलिसांनी, आणि हातात जो कागद दिला त्यावर वर ठळक 'युनायटेड स्टेट्स डिस्ट्रिक्ट कोर्ट'. मला आधी वाटलं काहीतरी चुकलंय. व्हर्जिनियाच्या कोर्टाचा संबंधच नाही, तारीख अलेक्झांड्रियाच्या फेडरल कोर्टात, आणि बाहेर लावलेल्या यादीत 'युनायटेड स्टेट्स ऑफ अमेरिका विरुद्ध' आणि पुढे आमच्या ह्यांचं आडनाव! सासूबाई फोनवर म्हणाल्या, अगंबाई, अख्खा देश विरुद्ध?

गंमत वाटते पण व्हिसा स्टॅम्पिंगला जायचं होतं त्यामुळे तेव्हा झोप उडाली होती. पार्काचा ट्रॅफिक नियम मोडणं हा कागदोपत्री सहा महिन्यांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे, प्रत्यक्षात दंडावर सुटतं. पण वकिलाला विचारून मगच पैसे भरले, कारण दंड भरला म्हणजे गुन्हा कबूल केला असं होतं.

काळा कोट
वरच्यांना एक सांगतो, यलोस्टोनचं कोडं आणि तुमचं तिकीट यांचा थेट संबंध आहे. सहा महिन्यांपर्यंतची शिक्षा असलेल्या गुन्ह्याला ज्युरी लागतच नाही, मॅजिस्ट्रेट एकटा निकाल देतो. म्हणजे त्या आयडाहोच्या पट्ट्यात तुम्ही कचरा टाकलात, कुत्रा मोकळा सोडलात, तर सुटका नाही. सुटलाच तर मोठा गुन्हेगार, चिल्लर नाही :)

आणि मोठाही सुटेलच असं समजू नका. कट घरी शिजला असेल तर तो गुन्हा घरच्या डिस्ट्रिक्टमध्ये घडला, तिथे ज्युरी ढिगानं. २००५ च्याच सुमारास मोंटानाच्या पट्ट्यात एकानं एल्क (मोठं हरीण) मारला, खटला वायोमिंगात चालला, त्यानं हाच सहाव्या दुरुस्तीचा मुद्दा काढला आणि जजनी तो फेटाळला. पुढे तडजोडीत सरकारनं अटच घातली की हा मुद्दा घेऊन वरच्या कोर्टात जायचं नाही. म्हणजे सरकारलाही उत्तर नकोच होतं. मला विचाराल तर पट्टा आयडाहो डिस्ट्रिक्टला जोडायचं एका ओळीचं बिल आहे, पण एका ओळीच्या कामाला वेळ कोणाला असतो.

सॅन होजेवाली
योसेमिटीचं सांगते आणि हे सिरियसली घ्या. कॅलिफोर्नियात २०१८ पासून दुकानात गांजाच्या गमीज (चघळायच्या गोळ्या) मिळतात, बिलासकट. ओळखीतल्या एका मुलानं अशाच घेतलेल्या, कॅम्पग्राउंडवर टेबलावर पाकीट उघडं, शेजारी मॅगीचं पातेलं, आणि रेंजर आला. त्यानं अगदी शांतपणे सांगितलं की इथे कॅलिफोर्निया चालत नाही. योसेमिटी पूर्णपणे फेडरल अखत्यारीत आहे, व्हॅलीत त्यांचं स्वतःचं कोर्ट आहे, छोटा तुरुंगसुद्धा. मुलगा बिल दाखवत होता बिचारा.

तो सिटिझन होता म्हणून निभावलं. आपल्यापैकी जे एच-वन व्हिसावर किंवा ग्रीन कार्डावर आहेत त्यांना इमिग्रेशन कायद्यात हे फार महागात पडू शकतं, राज्यात लीगल असलं तरीही, नुसतं कबूल केलं तरी. बाहेर काय करायचं ते करा, पार्काच्या गेटच्या आत नको.

भटकभवानी
नवाहो नेशन! नॅशनल पार्कांचा वार्षिक पास फडकवत मॉन्युमेंट व्हॅलीला गेलो तर तो चालत नाही, कारण ते नवाहो लोकांचं ट्रायबल पार्क आहे, फेडरल नाही. अँटिलोप कॅन्यनचंही तसंच. आणि ॲरिझोनातल्या पेज शहराजवळचं हॉर्सशू बेंड तर फेडरल जमिनीवर, पण पार्किंग त्या शहराचं, म्हणून तिथेही पास नाही, वेगळे पैसे.

वर घड्याळाचा घोळ. उन्हाळ्यात ॲरिझोना घड्याळ पुढे करत नाही, नवाहो नेशन करतं, पण अँटिलोपच्या टूर पेज शहराच्या, म्हणजे ॲरिझोनाच्या, वेळेनं चालतात. गाडीत चार फोन आणि चारही वेगळं सांगतायत, बाबा म्हणाले माझं एचएमटी लावा. आणि हो, डिकीत बिअर असेल तर आधीच संपवा किंवा सोडून द्या, नवाहो जमिनीवर दारू बाळगणंही बंद आहे.

काळा कोट
@भटकभवानी, यात अजून एक गोम. १९७८ च्या निकालानुसार ट्रायबल कोर्ट बाहेरच्या माणसावर फौजदारी खटला सहसा चालवू शकत नाही. पण २०२१ ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं की ट्रायबल पोलीस हायवेवर संशयावरून तुम्हाला अडवून झडती घेऊ शकतात. नंतर राज्याच्या किंवा फेडरल पोलिसांच्या हवाली करतात.

अटलांटाचा पम्या
स्मोकी माउंटन्स नॅशनल पार्क फुकट आहे असं सगळ्यांना सांगू नका रे आता. टेनेसीनं रस्ता देताना टोल घ्यायचा नाही अशी अट घातलेली, म्हणून एंट्री फी नाही. मग २०२३ पासून पार्किंग टॅग काढलाय, १५ मिनिटांपेक्षा जास्त थांबलात की दिवसाचे ५ डॉलर. आत जायला फुकट, उतरायला पैसे. वार्षिक पास इथेही चालत नाही.

रेवा
जरा वेगळं लिहिते. बाबांच्या अस्थी नाशिकला विसर्जित झाल्या, थोड्या भाऊ इकडे घेऊन आला कारण बाबांना कॅलिफोर्नियाच्या सिएरा डोंगरांतलं एक पार्क फार आवडायचं. आम्ही गृहीत धरलेलं की नदीकाठी जायचं, मंत्र म्हणायचे, झालं. भावजय म्हणाली आधी विचारा. तर अस्थी-रक्षेसाठी परवाना लागतो, आणि आमच्या परवान्यातली पहिलीच अट, पाण्यापासून शंभर यार्ड लांब! आपलं सगळं विसर्जन पाण्यात आणि ह्यांचं पाण्यापासून लांब. फुलं नाहीत, हळदकुंकू नाही, दिवा नाही, कुठलीही खूण ठेवायची नाही. भाऊ चिडला, आई मात्र म्हणाली झाडाखाली चालेल की. मग एका मोठ्या पाइनखाली रक्षा पसरली, वारा उलटा आला आणि अर्धी भावाच्या जॅकेटवर, आई हसायला लागली.

वाटसरू
@रेवा, आमच्याकडे पुढच्या महिन्यात हेच करायचंय. पाण्यातच हवं असेल तर?

रेवा
मग समुद्र. तिथे पार्काचे नाही, ईपीएचे (फेडरल पर्यावरण खात्याचे) नियम. किनाऱ्यापासून तीन नॉटिकल मैल आत बोटीनं जायचं, आधी परवानगी लागत नाही, पण नंतर ३० दिवसांत त्यांना कळवायचं. फुलं चालतात, फक्त प्लास्टिकच्या पिशवीतून काढून टाका.