आयतवार ‘धरणे’ की ‘पाळणे’?

वेचणी: आमच्या चर्चच्या पत्रकाचं मराठी करते आहे. यवतमाळकडचं गाव, कॅथलिक घरं मोजकी, बहुतेक मजुरीवर. मी लिहिलं, ‘रविवारी विश्रांती घ्यावी व मिस्साला यावे.’ (मिस्सा म्हणजे चर्चमधली सामूहिक उपासना.) आई म्हणाली, "विश्रांती दवाखान्यातून आलेला मानूस घेते. आपन आयतवार धरतो." तसं लिहिलं, तर शेजारच्या काकू विचारतात, "आयतवारचा उपास का?" इकडे सोमवार धरला म्हणजे उपासच. आमच्यात तर ईस्टरआधीच्या उपवासकाळाचे चाळीस दिवस मोजतानाही रविवार वगळतात! मग लिहू काय?

कास्तकार: ‘पाळणे’ घ्या ना ताई. वेळ पाळतो, शब्द पाळतो, सुतक पाळतो. त्यात उपास कुठे येतो?

पोथी: आधी ‘आयतवार’ काढा. बोलताना ठीक, छापताना रविवारच हवा.

कास्तकार: काहून? पत्रक वाचणारे आयतवारच म्हणतात न जी.

पिंपळपार: आजोबा सांगत, ज्या दिवशी आयतं बसून खायचं तो आयतवार.

पोथी: ‘आयता’शी काही संबंध नाही. आदित्यवारचा आइतवार झाला. हिंदीतला इतवार, कोकणीतला आयतार, सगळे त्याच घरचे.

कास्तकार: म्हणजे शब्द जुनाच निघाला. मग छापायला हरकत काय?

वसईची: मिस्सा शब्द आमच्याकडे पोर्तुगीजांबरोबर आला. त्यांचा रविवार ‘दोमिंगो’, प्रभूचा दिवस. सोमवार ते शुक्रवार मात्र ‘फेइरा’. मूळ लॅटिन ‘फेरिया’ म्हणजे सणाचा दिवस, आणि पुढे त्याच शब्दाचा अर्थ बाजार झाला.

वैनगंगा: चंद्रपूरचा धर्मप्रांत सिरो-मलबार, म्हणजे केरळच्या कॅथलिक परंपरेचा आहे, तिथे मिस्साला ‘कुर्बाना’ म्हणताना ऐकाल. पत्रक तिकडे जाणार असेल तर दोन्ही शब्द द्या.

कास्तकार: बाजाराचं निघालं म्हणून सांगतो. आमच्या गावचा बाजार आयतवारीच, मजुरीचा चुकारा त्याच दिवशी. सगळं बंद ठेवून कसं चालेल? सन 321 मध्ये कॉन्स्टंटाइन बादशहाने रविवारची सुटी लावली ती शहरवाल्यांना. वावरातल्या कामाला मोकळीक होती. पेरणीचा वाफसा वार पाहून येत नाही.

पोथी: पण बायबलच्या दहा आज्ञांतला शब्द ‘शब्बाथ’ आहे, आणि त्या हिब्रू शब्दाच्या मुळाशी थांबणंच आहे. ‘विसावा’ लिहा. अस्सल मराठी, कुठून उसना आणलेला नाही.

वेचणी: विसावा मलाही आवडतो. पण आमच्या गावात मसणाच्या वाटेवर तिरडी टेकवतात, त्या जागेला विसावा म्हणतात. पत्रकात नाही चालणार.

शनिवारी संध्याकाळी आई खुरपं धुते, पदराला पुसते आणि वळचणीला खोचते. ते सोमवारीच खाली येतं. मागच्या निंदणीत एका मालकाने वहीत तिच्या नावापुढे ‘खाडा’ लिहिला. आईला वाचता येतं. त्या शब्दावर बोट ठेवून म्हणाली, "खाडा नाही जी, आयतवार हाये." तिच्या तोंडी त्यात मिस्सा आलं, मोकळे हात आले, दुपारी सगळ्यांनी एकत्र जेवणं आलं. ‘पाळणे’मध्ये मला नुसती मनाई ऐकू येते.

पिंपळपार: खाडा म्हणजे मुळात खड्डा असेल का? वहीत मधेच जागा रिकामी पडते म्हणून?

वैनगंगा: आमच्याकडे खाडा नाही, ‘नागा’ म्हणतात. नागा पडली.

वेचणी: नागा आईही म्हणते, पण औषधाची गोळी चुकली तर.