ब्लॅक माडेरा अंजीर: दोन वर्षांत दीड वीत. ठेवू, कलम करू की काढून टाकू?

पानगळ
नमस्कार मंडळी. दोन वर्षांपूर्वी एका ओळखीच्या बाईंनी ब्लॅक माडेराची पेन्सिलीएवढी काडी दिली. तिला मुळं फुटायलाच दोन महिने गेले. आज झाड जेमतेम दीड वीत आहे. पानं वेडीवाकडी येतात आणि त्यांवर फिकट पिवळे डाग असतात. गेल्या हंगामात चार फळं धरली, पण वाटाण्याएवढी होऊन गळून गेली. त्याच दिवशी शेजारच्या कुंडीत लावलेली ब्राउन टर्की या दुसऱ्या अंजिराची काडी आता माझ्या खांद्याला लागते, दोनदा फळं देऊन झाली.

माझ्या मर्यादा आधीच सांगते. जागा या दोन कुंड्यांचीच आहे, जमीन नाही. नवीन रोप घ्यायचं नाही. आठवड्याला तासभर देऊ शकते. एकदा त्या बाईंच्या झाडाचं पिकलेलं फळ खाल्लंय, आतून गडद लाल, मुरंब्यासारखं. म्हणून दुसरी जात सुचवू नका, या झाडाचं काय करू ते सांगा.

दोन_एकर
ताई, अंजिराला जमीनच हवी. माझं झाड जमिनीत आहे, तिसऱ्या वर्षी शिडी लावून फळं काढली. कुंडीत अंजीर म्हणजे झाडाचे हाल. थोडी जागा बघाच कुठेतरी.

सायलीचा_वेल
व्हायोलेट द बोर्दो घ्या. बुटकं राहतं, कुंडीत मजेत फळतं, चवही गडद. माझ्याकडे चार वर्षं आहे, एकदाही त्रास दिला नाही. माडेराच्या नादी मीही लागले होते, शेवटी उपटलं.

पानगळ
सायलीताई, दोन्ही कुंड्या भरलेल्या आहेत हो. नवीन रोप नकोच आहे.

अवखळ
पिवळे डाग म्हणजे लोह कमी. चिलेटेड लोह फवारा, पंधरा दिवसांत हिरवंगार. माझ्या लिंबाचं असंच झालं होतं.

मूळ_आणि_माती
अवखळ, लोहाची कमतरता कोवळ्या पानांवर दिसते. शिरा हिरव्या राहतात आणि मधला भाग सारखा पिवळा पडतो. इथे डाग अस्ताव्यस्त आहेत आणि पानांचा आकारही बिघडलाय. हा अंजिराचा मोझॅक विषाणू वाटतो. कॉन्डिट आणि हॉर्न या संशोधकांनी १९३३ मध्येच या रोगाचं वर्णन केलंय. विषाणूची नेमकी ओळख पटली ती पुढे २००९ च्या सुमारास.

माडेरा हळू वाढण्याचं एक मोठं कारण हेच. या जातीच्या काड्या बहुधा आधीपासूनच बाधित असतात. काडी आजारी असेल तर तिचं झाडही आजारीच. औषध नाही. जो कोणी औषध विकेल त्याच्यापासून लांब राहा. मात्र झाड यामुळे मरेलच असं नाही. उष्णता, ऊन आणि बेताचं खत मिळालं की पुष्कळ झाडं रोग अंगावर घेऊनच वाढतात, फळतातही.

निशिगंध
पाणी जास्त होत असेल. माझं अंजीर पाण्यानेच गेलं.

कुंडीकाका
पाण्याचं मीही तेच म्हणेन. आणि कुंडी मोठी करा. मी पहिल्याच वर्षी मोठ्या पिंपात लावलं होतं.

मूळ_आणि_माती
काका, दीड विताच्या रोपाला पिंप देऊ नका. मुळं पोचत नाहीत तिथली माती ओली राहते आणि मुळं कुजतात. आत्ताच्या कुंडीपेक्षा चार बोटं रुंद कुंडी पुरे, तीही मुळं कडेला येऊन गोल फिरायला लागली असतील तरच.

कुंडीकाका
माझं पिंपातलं झाड आठ वर्षं उभं आहे. फळं मोजायची तर वही लागते.

अवखळ
मला एक कळत नाही. अंजिराला माशी लागते ना? माशी नसेल तर फळं गळणारच. आणि फळात मेलेली माशी असते म्हणून आमच्याकडे कोणी अंजीर खात नाही.

चिकाटी
अवखळ, हे अर्धवट ऐकलेलं आहे आणि त्यापायी लोक चांगलं फळ सोडतात, म्हणून सविस्तर लिहितो. ब्लॅक माडेरा, ब्राउन टर्की, व्हायोलेट द बोर्दो या साध्या जाती आहेत. परागीभवन न होताही त्यांचं फळ पिकतं. माशी लागते ती स्मर्ना प्रकाराला. ब्लास्टोफॅगा सेनेस नावाची ती इवलीशी गांधीलमाशी असते. कॅलिफोर्नियात स्मर्नाची झाडं आणून लावली आणि वर्षानुवर्षं फळं कोवळी असतानाच गळत राहिली. १८९९ मध्ये ही माशी तिथे रुजवली तेव्हा कुठे फळं पिकली. सान पेद्रो प्रकार दोन्हींच्या मधला. त्याचा जुन्या फांदीवरचा पहिला बहार माशीशिवाय पिकतो, मुख्य बहाराला माशी लागते. पानगळताईंच्या झाडाशी यातलं काहीच लागू नाही.

अवखळ
पण खात्रीने साधीच जात कशावरून? काडी देणारा काहीही नाव सांगतो.

चिकाटी
त्या बाईंच्या झाडाचं पिकलेलं फळ ताईंनी खाल्लंय. आजूबाजूला माशी नसताना मुख्य बहाराचं फळ पिकलं असेल तर जात साधीच.

दोन_एकर
विषय भरकटतोय. फळं गळली कारण झाड लहान आहे. जमिनीत लावा.

निशिगंध
माझ्याकडे एका रोपवाटिकेतून आणलेलं "माडेरा" तीन वर्षांनी फळलं आणि फळ निघालं हिरवं. पैसे गेले ते गेले, तीन वर्षं गेली त्याचं जास्त वाईट वाटतं. नाव बघून घेऊ नका, झाडावरचं फळ बघून काडी घ्या. पानगळ, तुम्ही ते बरोबर केलंत.

चिकाटी
आता मुद्द्यावर. कलम करा. तुमची ब्राउन टर्की खांद्याएवढी आहे, तिच्यावर माडेराचा डोळा भरा नाहीतर पाचर कलम बांधा. जोमदार मुळांवर हीच जात दुप्पट वेगाने धावते, मी तीन झाडांवर करून पाहिलंय. झाड सुप्त असताना काडी काढून ठेवा आणि खुंटावरचे, म्हणजे टर्कीवरचे, डोळे फुगायला लागले की बांधा. चीक फार वाहिला तर खुंट आदल्या दिवशी कापून ठेवा. हातमोजे घाला. अंजिराचा चीक अंगावर असताना ऊन लागलं तर कातडी भाजल्यासारखी होते, मनगटावरचा माझा डाग सहा महिने राहिला.

कुंडीकाका
कलमाला माझंही अनुमोदन. हातमोजे घाला.

सायलीचा_वेल
कलमच करा. नाहीतर बोर्दो.

मूळ_आणि_माती
कलमाने जोम येईल हे खरं. पण विषाणू कलमातून खाली उतरतो. टर्की निरोगी असेल तर तीही बाधित होईल. हे माहीत असून करायचं तर करा.

आणखी एक. एसेरिया फिकस नावाचा नुसत्या डोळ्यांना न दिसणारा कोळी हा विषाणू एका झाडावरून दुसऱ्यावर नेतो. त्यामुळे दोन कुंड्या खेटून ठेवू नका. पाण्यात मिसळणारं गंधक कोळ्यावर चालतं, पण कडक उन्हात फवारू नका आणि तेलाच्या फवाऱ्याच्या आगेमागे तर नाहीच. पानं जळतात.

आणि मुख्य प्रश्न, माडेराला थेट ऊन किती तास मिळतं?

पानगळ
आज दिवसभर बघून लिहितेय. सकाळी दोन तास. नंतर टर्कीची सावली पडते. भिंतीलगतची उन्हाची जागा टर्कीने घेतली आहे, कारण ती आधी वाढली. हे मी दोन वर्षांत कधी मोजलं नव्हतं.

मूळ_आणि_माती
मग विषाणूइतकाच हाही दोष आहे. माडेरा उशिरा पिकणारी जात आहे, तिला सहा-आठ तास ऊन आणि लांब उबदार हंगाम लागतो. अंजिराचं फळ आधी भरभर वाढतं, मग कित्येक आठवडे तसंच थांबतं आणि शेवटच्या काही दिवसांत एकदम फुगतं. उन्हाअभावी ते मधल्या टप्प्यातच अडकतं.

यंदा धरतील ती फळं लहान असतानाच खुडा, झाडाला अंग धरू द्या. नत्राचं खत थोडं थोडं आणि पालवी वाढत असतानाच. शेंडा इतक्यात खुडू नका. हात-दीड हात खोड झाल्यावर पाच-सहा पानांवर खुडा, बाजूचे फुटवे येतील.

कुंडीकाका
फळ थांबलं की त्याच्या बुडाच्या डोळ्याला तेलाचं एक बोट लावायचं, आठवडाभरात पिकतं. जुनी युक्ती आहे, मी दर वर्षी करतो. वेळ मात्र साधावी लागते. घाईने लावलेली माझी फळं फोफशी निघाली. आणि फळ मानेत वाकून लोंबल्याशिवाय तोडू नका, तोडल्यावर अंजिरात गोडी वाढत नाही.

अवखळ
मी अजूनही लोहच म्हणतो.

चिकाटी
ताई, कलमाचं काय ठरलं?

पानगळ
सगळ्यांचे आभार, विशेषतः मूळ_आणि_माती यांचे. ठरलं ते असं.

कलम करणार नाही. बहुतेकांचं मत कलमाकडे आहे हे दिसतंय, पण निरोगी झाडाला जाणूनबुजून रोग द्यायला माझा हात उचलत नाही. त्याऐवजी टर्कीच देऊन टाकतेय. मैत्रिणीच्या दारात मोकळी जमीन आहे, तिथे ते झाड मोठं होईल. भिंतीलगतची जागा माडेराला. कुंडी तीच ठेवतेय, मुळं अजून कडेला आलेली नाहीत. यंदाची फळं खुडेन.

दोन_एकर
फळणारं झाड देऊन न फळणारं ठेवताय? पटलं नाही.

चिकाटी
मलाही पटलं नाही. निदान एक काडी काढून कुठेतरी कलम करून ठेवा. हे झाड गेलं तर जात राहील.

पानगळ
चिकाटी, दीड विताच्या झाडाची काडी काढली तर उरेल काय? वाढलं की पहिली काडी तुम्हाला, बाधित आहे हे कबूल असेल तर.

चिकाटी
कबूल.

पानगळ
तीन आठवड्यांनी लिहितेय. टर्की गेली. मैत्रिणीने खड्डा आधीच खणून ठेवला होता. जागा रिकामी दिसली तेव्हा वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. माडेरा आता दुपारी चारपर्यंत उन्हात असतो. शेंड्याला दोन नवीन पानं आलीत, आजवरच्या पानांपेक्षा मोठी. दोन्हींवर डाग आहेत.